ट्रेलरला बाहेरचं किचन: दीड लाख घालावेत का?

प्रश्न: ताई, नमस्कार. हे मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात एकच विषय, ट्रेलर. आमच्या डिझेल एसयूव्हीच्या मागे जोडायचा चौदा फुटी ट्रेलर पीथमपूरकडच्या एका फॅब्रिकेटरकडे बनायला टाकलाय. आत पलंग, छोटा ओटा, दोन बर्नरची शेगडी, बेसिन एवढं ठरलं होतं. आता त्या माणसानं ह्यांना एक अमेरिकन व्हिडिओ दाखवला. मागच्या बाजूला, उजव्या भिंतीत झडप. ती वर उचलली की आत अख्खं दुसरं किचन. शेगडी, स्टीलचं सिंक, ड्रॉवर आणि चाळीस लिटरचा फ्रिज. ह्याचे वरचे १,४५,००० रुपये सांगतोय, शिवाय पलंगाखालची सामानाची जागा त्यात जाणार. हे म्हणतात, घ्यायचा तर पूर्ण ट्रेलर घ्यायचा. मी म्हणते, एक ओटा घरी, एक ट्रेलरमध्ये, आता तिसरा बाहेर; मी रिटायर कधी व्हायचं? बेत महेश्वर, मांडू, हनुवंतिया, थंडीत पचमढी असा आहे. महिन्यातून एखादी चक्कर, दोन रात्रींची. बाहेरच्या किचनचा खरंच उपयोग होतो का? आणि तो दुसरा फ्रिज हवा का, तेही सांगा.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: नमस्कार. आधी उत्तर देते, कारणं मागून. स्वयंपाक बाहेर करा, पण ते किचन लावू नका. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॅब्रिकेटरनं त्या एकत्र करून विकायला काढल्यात, म्हणून तुमच्या घरात वाद लागलाय. निम्मं यजमानांचं बरोबर आहे, निम्मं तुमचं.

बाहेर का, ते पहिल्याच फोडणीला कळेल. चौदा फुटी ट्रेलरमध्ये मावणारी हवा म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतल्या हवेच्या साधारण निम्मी. त्यात मोहरी तडतडली, सुक्या मिरचीचा खाट उठला की दोघंही खोकत दाराबाहेर. वास गादीत आणि पडद्यांत मुरतो तो वेगळाच. शिवाय गॅस जळताना नुसती उष्णता होत नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. पचमढीला डिसेंबरच्या रात्री हीच वाफ ट्रेलरच्या गार पत्र्याला आतून धरते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. उन्हाळ्यात महेश्वर म्हणजे निमाड. माळव्यासारखी गार रात्र तिथे मिळत नाही. पत्र्याच्या बंद खोलीत, मेच्या उकाड्यात कुकर लावायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तेव्हा आतली शेगडी चहा, दूध आणि पावसात अडकलात तर खिचडी, एवढ्यापुरती ठेवा. तीही खिडकी उघडून.

मग व्हिडिओतलं किचन का नको? ते ज्यांच्यासाठी निघालं त्यांची राहणी वेगळी आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर निघाले. आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील, उभं राहायला जागाच नाही. म्हणून मागचं झाकण उघडून तिथे ओटा. तो जादाचा नव्हता, एकुलता एक होता. पुढे मोठ्या ट्रेलरांना आत स्वयंपाकघर असतानाही बाहेर दुसरं लावायची पद्धत पडली, कारण तिथले लोक कॅम्पग्राउंडवर आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतात. नेमून दिलेला प्लॉट, त्यावर नळ, विजेची जोडणी, बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याचीसुद्धा सोय. संध्याकाळी मांस भाजायचं, ते धुराचं आणि तेलकट काम बाहेरच बरं. आपल्या वाटेवर अशा जागा सर्रास नाहीत. तुम्ही हॉटेलच्या आवारात, रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये नाहीतर ओळखीच्या कुणाच्या शेतात उभे राहणार, आणि तिसऱ्या दिवशी घरी.

आता तुमच्या दोन रात्रींचा हिशेब करू. सकाळी प्रवासाला निघालेला इंदूरचा माणूस पोहे स्वतः करतो का? एबी रोडला लागलं की ठेल्यावर गाडी थांबतेच, सेव आणि जीरावण मसाला भुरभुरून पोहे होतात, वर एक कचोरी. दुपारी कुठेतरी दाल-बाफले, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणाला भूक नसते. उरतं काय? दोन वेळचा चहा, रात्रीचं पिठलं-भात, चतुर्थी आली तर साबुदाणा. एवढ्याला एक बर्नर पुरतो, फार तर दोन. पोळ्या तर बाहेर करूच नका. वाऱ्यानं ज्योत एका अंगाला झुकते, तवा अर्धा तापतो, पिठी उडून डोळ्यांत जाते. घरून दशम्या न्या. दुसऱ्या दिवशी ढाब्यावरच्या तंदुरी रोट्या घ्या. ह्या एवढ्या स्वयंपाकासाठी ड्रॉवर, सिंक, फ्रिज आणि पलंगाखालची अख्खी जागा?

पैशाचा मुद्दा मी तरीही सोडला असता. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसानं निवृत्तीनंतर हौस केली तर कुणी नाकं मुरडू नयेत. पण तुमच्या पत्रात दोन शब्द आहेत, त्यांनी मला हे उत्तर लांब लिहायला लावलंय. ‘उजव्या भिंतीत’ आणि ‘मागच्या बाजूला’.

उजव्याचं आधी. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. ट्रेलर कडेला लावला की त्याची उजवी बाजू रस्त्यापासून लांब, फुटपाथकडे येते. म्हणून तिथे दार, कापडी छत, बाहेरचं किचन सगळं उजव्या अंगाला असतं. आपण डावीकडून चालतो. तीच रचना जशीच्या तशी उचलली तर रस्त्याकडेला चहा ठेवताना तुमची पाठ ट्रकांकडे असेल. फॅब्रिकेटरला आजच फोन करून विचारा, दार कुठल्या बाजूला काढलंय? तेही उजवीकडे असलं तर किचनचं राहू दे, आधी ते काम थांबवा. दार, छत, नळ, जे काही उघडायचं आहे ते डावीकडे हवं.

आता मागच्याचं. हे जरा आकड्यांचं आहे, यजमानांना वाचून दाखवा, बँकेतल्या माणसाला पटेल. ट्रेलर सरळ चालतो की मागून हेलकावे खातो, हे त्याचं वजन पुढे-मागे कसं वाटलं गेलंय त्यावर ठरतं. अमेरिकेतला रूढ दंडक असा की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या आकड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकवर यावा. युरोपातल्या कॅरव्हॅनना ५ ते ७ टक्के चालतो, पण त्यांच्या गाड्या आणि जोडण्या त्या हिशेबानं बनलेल्या असतात. समजा तुमचा ट्रेलर ९०० किलोंचा आहे आणि आकड्यावर ९० किलो येतात. आता ॲक्सलच्या मागे दीड मीटरवर शेगडी, सिंक, फ्रिज, ड्रॉवर, भांडी असे मिळून ८० किलो चढवले. ॲक्सल ते आकडा अंतर साडेतीन मीटर धरलं, तर तराजूच्या हिशेबानं आकड्यावरचे ३४ किलो उचलले जातात. ९० चे ५६ राहिले, आणि एकूण वजन मात्र ९८० झालं. म्हणजे १० टक्क्यांवरून ६ च्याही खाली.

असा मागे जड झालेला ट्रेलर इंदुरातल्या सुपर कॉरिडॉरच्या सपाट रस्त्यावर निमूट चालेल. मानपूर सोडून धामनोदकडे उतरताना, नाहीतर खंडवा रोडच्या भेरूघाटात, शेजारून एक ट्रक जोरात गेला की तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि वेग असला तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. (असं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्याच्या उलट वळवायला जायचं नाही. यजमानांना हे पाठ असू दे.) ताब्यात घेण्याआधी ट्रेलर पूर्ण भरून धरमकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर न्या. पाणी, सिलिंडर, गाद्या, भांडी, सगळ्यासकट. साठ लिटरची पाण्याची टाकी म्हणजे साठ किलो, ती कुठे बसवलीय तेही बघा. आधी अख्ख्या ट्रेलरचं वजन करा, मग आकड्याजवळचं टेकूचं छोटं चाक तेवढं काट्यावर ठेवून. दोन चिठ्ठ्या हातात आल्या की वाद मिटतो. आकड्यावर किती भार चालतो हे तुमच्या एसयूव्हीच्या माहितीपुस्तकात असतं, ते बघायला विसरू नका.

झडपेबद्दलही सांगते, कारण व्हिडिओत ती नवी कोरी असते. एका परिचितांच्या ट्रेलरची अशी झडप मी त्यांच्यासमोर उघडून पाहिली. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत रबरपट्टी उन्हानं कडक होऊन चपटी झालेली. ड्रॉवर ओढला तर चॅनलमध्ये अडकलेल्या कचीचा कर्रर्र आवाज. चमच्यांच्या ट्रेवर बोटानं रेघ ओढता येईल एवढी धूळ, आणि मिसळणाच्या डब्याचं झाकण घट्ट असूनही कडेची हळद मातकट. धावत्या ट्रेलरच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ मागेच ओढली जाते आणि सापडेल त्या फटीतून आत शिरते. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी. ते थेट पलंगाखालच्या प्लायवूडमध्ये जातं आणि प्लाय फुगल्याशिवाय कळत नाही. भिंतीला जेवढी मोठी भोकं, तेवढ्या पुढच्या दुरुस्त्या.

आणि माकडं! मांडू, ओंकारेश्वर, पचमढी, तुमची सगळी ठिकाणं वानरांची आणि माकडांची. तीन फुटी झडप उघडी, आत ड्रॉवरमध्ये शेंगदाणे आणि केळी. तुम्ही चिमटा आणायला आत गेलात की संपलं. मोकळ्या टेबलावरचं सामान निदान चार हातांनी उचलता तरी येतं.

मग काय करून घ्यायचं? डाव्या भिंतीला, ॲक्सलच्या जवळपास, घडी होऊन भिंतीला लागणारी एक ॲल्युमिनियमची फळी. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद पुरे. घरच्या ओट्याची उंची मोजून सांगा, नाहीतर फॅब्रिकेटर स्वतःच्या कमरेच्या मापानं लावेल. ही फळी चिरायला, वाढायला. शेगडी हिच्यावर ठेवायची नाही. ती वेगळ्या, चार पाय जमिनीवर टेकणाऱ्या लोखंडी घडीच्या टेबलावर, भिंतीपासून दोन-तीन हात लांब. भरलेला कुकर सहा-सात किलोंचा होतो, तो भिंतीतून बाहेर ओढलेल्या ड्रॉवरवर शिट्ट्या देताना बघायची माझी तरी तयारी नाही. टेबलाला तीन बाजूंनी वाऱ्याआड पत्रा लावा.

फळीशेजारी एक नळ, एक पंधरा अँपियरचं पावसापासून झाकलेलं प्लग आणि एक पिवळा दिवा. पांढऱ्या दिव्यावर पावसाळी किडे तुटून पडतात, पिवळ्यावर कमी येतात. प्लग आहे म्हणून इंडक्शनच्या भरवशावर मात्र राहू नका. ती २००० वॅट खेचते, आणि हॉटेलवाला पार्किंगमध्ये वायर ओढून देतो ती बहुधा पाच अँपियरच्या पॉइंटवरून, म्हणजे जेमतेम हजार-अकराशे वॅट.

गॅसची जागा ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या दांड्यावर. सिलिंडर उभा, पट्ट्यानं आवळलेला, आणि पेटीच्या तळाला भोकं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो; भोकं वर असून उपयोग नाही. पलंगाखाली सिलिंडर ठेवण्याचा बेत असेल तर तो आत्ताच मोडा. १४.२ किलोंचा घरगुती सिलिंडर भरलेला तीस किलोंच्या आसपास जातो. तुम्हा दोघांना पाच किलोंचा छोटा रग्गड झाला. नारिंगी सुरक्षा नळी आयएसआय मार्कची घ्या आणि पाच वर्षांच्या आत बदला. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. मुक्कामाला पोहोचल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून बघायचं काम यजमानांचं.

उरलेल्या पैशांत चांगलं कापडी छत घ्या, डाव्या अंगाला, आठ-दहा फुटी. बाहेरच्या स्वयंपाकाला खरी गरज सावलीची असते. सोसाट्याचा वारा सुटला तर ते लगेच गुंडाळायचं. आणि पाऊस आला म्हणून छताला चारी बाजूंनी पडदे सोडून आत शेगडी पेटवायची नाही, थंडीत निखाऱ्याची सिगडी तर ट्रेलरमध्ये अजिबात न्यायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. काहीजण ह्याऐवजी बुटेनच्या डबीची छोटी शेगडी घेतात. चहाला चांगली आहे, पण तिच्यावर डबीवर येईल एवढा मोठा तवा ठेवू नका. तव्याची धग खाली डबीला लागते आणि डबी फुटते. पचमढीसारखी जागा असली तर जंगलात शिरून चूल पेटवायचा मोहही नको. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्यानं गुन्हा आहे.

सिंक मी मुद्दामच गाळलं. अशा बाहेरच्या सिंकांची नळी बहुधा खाली मातीत सोडलेली असते. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेचे पहिले नंबर मिरवतं आणि आपण महेश्वरला जाऊन साबणाचं खरकटं पाणी घाटाच्या वाटेवर सोडायचं, हे बरं दिसत नाही. दोन टब आणि झाकणाचा वीस लिटरचा कॅन ठेवा. भांडी आधी कागदानं पुसा, मग थोड्या पाण्यात विसळा, पाणी कॅनमध्ये. तो मुक्कामाच्या मोरीत रिकामा करता येतो.

आता तुमचा खरा प्रश्न, रिटायर कधी व्हायचं. बाहेर स्वयंपाक करण्यात एक छुपा फायदा आहे तो इथेच. ओटा चार भिंतींत असला की तो बाईचा ठरतो. उघड्यावर टेबल मांडलं, शेजारी दोन खुर्च्या टाकल्या की पुरुषांना एकदम झारा हातात धरावासा वाटतो. ह्या स्वभावाचा उपयोग करून घ्या. निघण्याआधी ठरवून टाका: ट्रेलरचा चहा आणि रात्रीचं जेवण यजमानांचं, तुम्ही घरून दशम्या आणि चटणी देणार, बस. पिठल्यात गुठळ्या झाल्या तर मुकाट्यानं खायच्या. उठून ‘द्या इकडे, मी करते’ म्हणालात, तर पुढच्या चकरेपासून तिसरा ओटा तुमचा.

मी ते मोठं किचन कधी लावायला सांगितलं असतं? आतला ओटाच काढून टाकणार असाल तर. किंवा मुलं-नातवंडं धरून सहाजण जाणार आणि हनुवंतियाला पाण्याकाठी आठवडाभर तळ ठोकणार असाल तर. तेव्हाही डाव्या भिंतीत, ॲक्सलजवळ, फ्रिजशिवाय. तसा विचार असेल तर आत्ताच करा, नोंदणीआधी. एकदा आरटीओत नोंद झाली की भिंत कापून झडप बसवणं हा गाडीतला बदल धरला जाऊ शकतो, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम त्याबाबत कडक आहे. रुंदीही आधीच मोजून घ्या. फळी, छताची नळी, सगळं मिळून २.६ मीटरच्या आत.

राहिला फ्रिज. दोन रात्रींना दुसरा फ्रिज कशाला? आत बारा व्होल्टचा एक छोटा असेल तर तोच पुरे. नसेल तर चांगला आइसबॉक्स घ्या. पाण्याच्या बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये गोठवून त्यात ठेवा; दूध, दही, कोथिंबीर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकतं, बर्फ वितळला की तेच पाणी प्यायला. श्रीखंड नेणार असाल तर ते मात्र पहिल्याच रात्री संपवा.